मळीत घर नको

३ फेब्रुवारी, १९३२
कॉलेज अर्धवट सोडून आलो म्हणून बाबांनी म्युनिसिपालिटीच्या ओव्हरसिअरांच्या हाताखाली चिकटवलं. नकाशे गिरवायचे. आज गिरवतानाच डोकं तापलं. मुंबईहून पेन्शन घेऊन येणारा जो तो रस्त्याकडेला भाताच्या जमिनीत बंगला ठोकतोय. शहर असंच लांबत गेलं तर भात लावायचं कुठे? कौलांवर? कमिटीने आता आराखडा मागितलाय. नवी घरं वर सड्यावर, कातळावर. खालच्या मळीत, म्हणजे भाताच्या जमिनीत, एकही नाही. मधली रेघ माझ्या हातची.
मळीचा मोठा तुकडा आबासाहेब वकिलांचा. म्हणजे कु.च्या (पूर्ण नाव वहीतही नको) वडिलांचा. छान!

९ फेब्रु.
मळीच्या वरच्या बांधावर रेघेच्या खुंट्या ठोकल्या. त्यांच्या दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी कु. भेटली. "सड्यावर राहायला जाणार कोण? पाणी काय तू वाहणार?" म्हटलं, आराखड्यात विहीर आहे. "आराखड्यातलं पाणी पितात वाटतं!" हसत गेली. तिच्यावर धड रागावताही येत नाही.

१० फेब्रु.
सगळ्या खुंट्या उपटलेल्या! दुसरं कोण असणार? तडक आबासाहेबांच्या ओटीवर गेलो, तोंडाला येईल ते बोललो. ते पान लावत राहिले. "आधी चौकशी कर बाळू, मग ओरड."
केली चौकशी. उपटल्या त्यांच्या कुळांनीच. ज्यांची शेतं वाचावीत म्हणून हा सगळा खटाटोप, त्यांनी! सोमाजी गावकार म्हणतो, "खुंटी आली म्हंजे घर आलं. आजवर तसंच झालंय." आणि वर मलाच, "मळीच्या राखणदार देवाला नारळ नाय, गाऱ्हाणं नाय. कुनाला इचारून मारलीत?"
मूर्ख लेकाचे. त्यांना विचारायला मीही गेलो नव्हतो, ते सोडा.

१४ फेब्रु.
नारळ घेऊन गेलो. ओव्हरसिअर म्हणाले, हे नियमात बसत नाही. खड्ड्यात गेला नियम. सोमाजीने गाऱ्हाणं घातलं, "ह्या खुंटीच्या खाली जो कोन घर बांधील, म्हाराजा, त्याच्या आडवा जा!" सगळी कुळं एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" मीही ओरडलो. घसा बसलाय. खुंट्या त्यांनीच परत ठोकल्या.

२० फेब्रु.
आबासाहेबांचं बोलावणं. आवाजात साखर. "देवाचं देवापाशी रे. कमिटीपुढे जातो तो नकाशा. रेघ आमच्या तुकड्याच्या खालून गेली तर बिघडलं कुठे? घरच्या माणसासाठी एवढं..."
घरच्या माणसासाठी! स्वतःच्या मुलीचा सौदा, आणि तोही पान चघळत! ताडकन उठून आलो. तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण...

२१ फेब्रु.
कु.ला सगळं सांगितलं, रेघ कुठे काढू म्हणून विचारलं. वाटलं, रडेल. उलट पेटली. "मला लग्नाचं विचारलंत दोघांपैकी एकाने? बाबांनी मला रेघेला बांधलं, आणि तू रेघेसाठी माझी परवानगी मागायला आलास! काढ कुठे काढायची ती. मला नकाशात घालू नकोस." तरातरा गेली. एवढ्यातही वेणीतली अबोली दिसली. मरो.

२२ फेब्रु.
रेघ काढली. बांधावरून, सरळ. शाई वाळेपर्यंत जागचा हललो नाही.

१ मार्च
कमिटीने नकाशा पाहिला, वाखाणला, आणि पावसाळ्यानंतर विचार करू म्हणून गुंडाळून ठेवला. तोवर मनाई कसलीच नाही. हलकट! बाहेर येताना आबासाहेबांनी पाठीवर थाप मारली. हात झटकला.
संध्याकाळी मळीत बांधकामाच्या चिऱ्यांनी भरलेल्या गाड्या आल्या. आबासाहेबांच्याच. खुंट्यांवरून चाकं गेली. कुळं बांधावर नुसती उभी. सोमाजीला म्हटलं, अडवा की! "जमीन त्येंची, भाऊ. उद्या आमालाच काडतील. देव बगील." देव बघेल! मी एका बैलाची वेसण धरली, तर गाडीवानाने मला ढकलून दिलं. कोपर फुटलं.
कु. गडग्यापलीकडे उभी होती. बोलेल असं वाटलं नव्हतं.
"पावसाच्या आत चौथरा झाला तर?"
"उपटू!"
"खुंटी उपटतात रे. चौथरा नाही."
चाकाखाली मोडलेली एक खुंटी उचलून गडग्यावर ठेवली. ती तिथेच उभी, मीही. उद्या सकाळी पाया आखायला गवंडी येतोय.