या वयात रोलरकोस्टर

ओंगार, डब्लिन. जानेवारी २०२१, रविवार संध्याकाळ.

निखिलचा आज भारी राग आला. पोटचा मुलगा, पण बोलला काय! त्याच्याकडे आले नि लॉकडाऊनमध्ये अडकले, त्याबद्दल तक्रार नाही. जपानच्या सीमा बंद, म्हणून मैत्रीण सुलभाबरोबरची थीम पार्कांची सहल हुकली, तेही समजू शकते. हिवाळ्यात तिथे गर्दी कमी, बर्फाचे डोंगर बघत रोलरकोस्टरमध्ये बसता येतं म्हणे. त्यासाठीच तर गुडघा बदलून घेतला.

पण दुपारी जेवताना हा म्हणतो, "बरंच झालं आई. या वयात कसला रोलरकोस्टर?"

बरंच झालं? नवा गुडघा काय सोफ्यावर ठेवायला घेतलाय?

ताट तसंच सोडलं, कोट चढवला आणि समोरच्या बागेत जाऊन झोक्यावर बसले. साखळ्या गारठलेल्या. गुडघा वाकवला, सरळ केला, झोका वर गेला. कुत्र्याला फिरवणारी आयरिश बाई ओरडली, "ग्रँड!"

निखिल धावत आला. "आई, उतर. पडशील."

"नाही उतरणार. आणि सीमा उघडल्या की जपानलाही जाणार."

तो माझ्या मागे गेला. "घट्ट धर," म्हणाला, आणि असं ढकललं की मी किंचाळलेच.

"अजून जोरात," मी म्हटलं.