पायाची नाडी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. आण्णांनी सकाळी केंदूरहून मोटरसायकलवर यवतला आणून सोडलं. टाकीवर बॅग, मागे मी, माझ्या मांडीवर वळकटी. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभे राहून आण्णा म्हणाले, आमच्या आज्ज्यानं जन्मभर मेंढरं राखली, आता पोरगी माणसं राखणार. मग चहासुद्धा न घेता निघून गेले. डोळे दिसू द्यायचे नव्हते.

हॉस्पिटल हायवेलाच लागून आहे. खाली ओपीडी आणि वॉर्ड, वर ऑपरेशन थिएटर आणि त्याला लागून चार खाटांची रिकव्हरी. माझी ड्यूटी तिथं, दिवसपाळी. इन्चार्ज सविता सिस्टर पन्नाशीच्या आहेत, आवाज मोठा. सकाळी दोनदा ओरडल्या आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली शेंगोळी माझ्या ताटलीत वाढली. राहायची खोली मागच्या बाजूला, खिडकीतून ऊस दिसतो. पहिली नोकरी! झोपच येत नाहीये.

४ फेब्रुवारी

ऑपरेशन यशस्वी झालं तरी माणूस खरा हातातून जातो तो पुढच्या काही तासांत, असं सविता सिस्टर सांगतात. रक्त सगळीकडे नीट फिरतंय ना, एवढंच बघत बसायचं. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी. लघवीच्या पिशवीत किती उतरलं. पट्टी भिजली का. पाय गरम आहेत का गार. रक्त कमी पडायला लागलं की आधी नाडी धावते, बीपी नंतर कोसळतो, म्हणून बीपी चांगला दिसला तरी गाफील राहायचं नाही. मॉनिटरवर आकडे असले तरी पेशंटला हात लावायचाच.

माझं अक्षर बघून डॉक्टर महेंद्र सरांनी चार्ट लिहायचं काम मलाच दिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिली मोठी केस. जालिंदर, वय बेचाळीस, इथल्याच एका गावचे ऊस बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. मांडीची मोठी रक्तवाहिनी कोयत्यानं तुटलेली. उसात पाय घसरून कोयत्यावर पडले, असं आणणाऱ्यांनी सांगितलं. सरांनी चार तास उभं राहून ती जोडली.

रिकव्हरीत आले तेव्हा पाय चुन्यासारखा पांढरा. नाडीचा आवाज ऐकवणारं छोटं मशीन सिस्टरनी माझ्या हातात दिलं. अर्धा तास मी ते घोट्याशी धरून बसले. नुसती खरखर. आणि मग फुस्स... फुस्स... फुस्स. माझ्या तळहाताखाली तो पाय कोमट होत गेला. मला रडूच आलं.

बाहेर त्यांची बायको बसली होती, प्रतिभा. तिशीची असेल. साडीवर रक्त वाळलेलं. डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. मी धावत जाऊन सांगितलं, पाय वाचला. तिनं विचारलं, चालतील का. म्हटलं, आठवड्याभरात. ती मटकन खाली बसली. आनंदानं बसली असं मला वाटलं.

७ फेब्रुवारी

सकाळी सगळं उत्तम. अकराला प्रतिभाताई दहा मिनिटं भेटून गेल्या. सव्वाअकराला पाय गार, निळसर, मशीनमध्ये आवाज नाही. जोड बंद पडला म्हणून सर पुन्हा थिएटर लावायला निघाले. पट्टी बघायला मी ब्लँकेट वर केलं. पट्टीच्या वर परकराची नाडी बांधलेली होती, कातडीत रुतेपर्यंत आवळून. कात्रीनं कापली. पाय परत आला. पेशंट दुखण्याच्या औषधानं गाढ झोपेत.

प्रतिभाताईंना जिन्यात गाठलं. त्या काही लपवायला गेल्या नाहीत. डावा हात माझ्यासमोर धरला.

"एक बोट लग्नाच्या साली. एक पोरगी झाली तवा. काल तिसरं घ्यायला छातीवर बसले व्हते, तर कोयता माझ्या हातात आला." मग हळूच म्हणाल्या, "सिस्टर, ते चालाय लागले तर मी न्हाई ऱ्हात."

मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी तिच्या भेटी बंद केल्या. म्हणाले, पोलिसांच्या कागदावर अपघात आहे, आपण यात पडायचं नाही. पण चार्टवर मी आधीच वेळेसकट लिहून बसले होते : पत्नी भेटून गेल्यावर मांडीला नाडी बांधलेली आढळली, कापली.

लिहायलाच हवं होतं. हो ना?

९ फेब्रुवारी

फाइल खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली असते. आज सकाळी ती जालिंदर यांच्या मांडीवर उघडी होती. म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं, समदं कळतंय.

मी नाडी बघायला मनगट धरलं. त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मोजायला लागले. पूर्ण एक मिनिट. हात सुटेना.

"तुमचे शंभराच्या वर हायेत," म्हणाले. "माझे बहात्तर."

मनगटावर पाच बोटांचे वळ आहेत. सिस्टरना दाखवले. त्यांनी तेल लावून दिलं.

१० फेब्रुवारी

बीपी १२०/८०. नाडी ७२. पाय गरम. सगळं उत्तम. आकडे पडावेत असं आज पहिल्यांदा मनात आलं.

जेवणाच्या सुट्टीत ११२ ला फोन केला. दोन पोलीस आले. जालिंदर म्हणाले, पडलो. मग प्रतिभाताईंना बोलावून त्यांच्या खाटेशेजारीच विचारलं. त्याही म्हणाल्या, पडले. पोलीस गेल्यावर जालिंदर यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ.

११ फेब्रुवारी

वॉकर धरून बारा पावलं चालले. सर खूश.

घरी जायच्या आधी बायकोला भेटायचंय, माफ केलंय तिला, असं म्हणाले. सरांनी उद्याची परवानगी दिली. मी नको म्हटलं, तर सिस्टरनी गप्प केलं. पाय आपला, संसार त्यांचा.

प्रतिभाताईंना फोन केला, येऊ नका. पोरगी सासूनं ठेवून घेतलीय, म्हणाल्या. आले न्हाई तर पोरीचं काय.

१२ फेब्रुवारी, दुपारी २:२०

औषधांच्या स्टोअरमध्ये आहे. आतून कडी. फोन बाहेर काउंटरवर राहिला, वही तेवढी खिशात होती. लिहून ठेवते, कुणाला तरी कळायला हवं.

दोनला ताई भाकरी घेऊन आल्या. सर दौंडला गेलेत. मी इंजेक्शन भरत होते. आवाज आला. त्यानं तिचे केस मुठीत धरले होते आणि डोकं खाटेच्या लोखंडी कठड्यावर — मोजल्यासारखं. एक. एक. एक. मी त्याच्या पाठीवर पडले. त्यानं झटकलं. ती खाली घसरली. मी मानेला हात लावला. नाडी नव्हती. दोन्ही बाजूंना नव्हती.

तो सलाइनचा लोखंडी स्टँड उचलत होता. सिस्टरनी मला इथं ढकललं, म्हणाल्या, कडी लाव. आणि त्या बाहेरच —

२:२६

दारावर स्टँडचे घाव. वरची बिजागरी हलतेय. खाली वॉर्डात कुणालाच ऐकू येत नाही का —

२:३१

दाराखालून रक्त येतंय. खूप. टाके सुटले असणार. एवढ्या जोरानं घाव घातल्यावर जोड टिकणारच नाही. मांडीची रक्तवाहिनी. पाच मिनिटं, फार तर. तेवढं दार टिकू दे.

२:३४

घाव हळू. मध्ये अंतर. थांबले. दाराला घासत कुणीतरी खाली बसलं.

२:३६

बोलतोय. आवाज बारीक.

"सिस्टर, पाय गार पडलाय. तहान लागलीय. दाबून धरा की वं."

रक्त गेलेला माणूस असंच मागतो. मूठ दाबली तर अजून वाचेल. माझे हात आपोआप कडीकडं गेले.

नाही. मी उघडणार नाही. प्रतिभाताई, मी उघडणार नाही.

२:४१

शांत. दाराखालच्या फटीतून चार बोटं आत आलीत. निपचित. रक्तात पडलीत.

नख दाबून सोडलं तर लगेच गुलाबी व्हायला हवं. अंगात रक्त नसलं की पांढरंच राहतं. एवढं बघते. मग संपलं.

पेनच्या टोकानं दाबलं. सोडलं.

गुलाबी.

पुन्हा दाबलं. लगेच गुलाबी.

याच्या अंगात रक्त भरपूर आहे. हे दाराखालचं त्याचं नाही. सविता सिस्टर —

बोटं वळली. दाराच्या फळीची कड धरून त्यानं —