अकराचं विमान

३ फेब्रुवारी

काल सकाळी दुकान उघडलं आणि आधी वडिलांच्या फोटोची चौकट करायला घेतली. पंचवीस वर्षं लोकांचे फोटो मढवतो, काच कधी केसभरही चुकली नाही. काल दोनदा तडकली.

महिना झाला त्यांना जाऊन. त्या दिवशी सकाळी सातला बायकोला फोन केला. चार वर्षं झाली, परदेशात नर्स आहे. तिकडून दिवसाला एकच विमान — अकराला सुटतं, इथे साडेतीनला उतरतं. म्हटलं, अकराचं धर. ती रडत होती, काय बोलली ते कळलं नाही. पाचपर्यंत सगळ्यांना थांबवून धरलं. ती आली नाही.

संध्याकाळी मी फोनवर म्हणालो, "साडेचार तासांची वाट. मनात असतं तर आली असतीस. आता येऊच नकोस."

"तुम्हांला असं वाटतं?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून फोन बंद.

९ फेब्रुवारी

सकाळचे आठ वाजले की तिकडे साडेबारा, तिची जेवणाची सुट्टी. हात आपोआप फोनकडे जातो. आज नुसता पुसून ठेवला.

१६ फेब्रुवारी

शेजारचा तिकीटवाला प्रमाणपत्र मढवायला घेऊन आला. "काय हो, वहिनी कधी येणार? की तिकडच्याच झाल्या?"

"साडेचार तासांवर तर आहे. येईल मनात आलं की."

"साडेचार? विमान आहे की बंदुकीची गोळी?" त्यानं फोनवर काढून दाखवलं. सहा हजार नऊशे किलोमीटर, सलग नऊ तास. "अहो, सुटायची वेळ तिकडच्या घड्याळाची, उतरायची आपल्या."

तिकडचे अकरा म्हणजे आपले साडेसहा. मी सातला फोन केला. विमान उडून अर्धा तास झाला होता.

रोज फोन करताना साडेचार तास मिळवणारा मी — त्याच दिवशी विसरलो.

१७ फेब्रुवारी

देवापुढे बसलो. क्षमा मागावी म्हटलं, पण त्याची मागून काय होणार? दुखवलं तिला. फोन उचलला, परत ठेवला. फोनवर तोडलेलं फोनवर जुळायचं नाही.

चार वर्षं ती म्हणायची, "तुम्हीच या ना एकदा." मी म्हणायचो, वडिलांना कोण बघणार? आता कुणाचं नाव पुढे करू?

६ मार्च

तिकडे जायचा व्हिसा हातात आला. तिला कळवलेलं नाही. दारातूनच परत पाठवलं तर — हा विचार पोटात घेऊन झोपतो.

१३ मार्च

तिच्या खोलीत बसून लिहितो आहे.

दार तिनंच उघडलं. केस पिकलेत बरेच. जिन्यात जुळवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "त्या दिवशी चूक माझी होती. तू पोचूच शकत नव्हतीस."

ती खाली माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "बूट काढा आधी. नऊ तास बसून सुजलेत."