मुक्कामी गाडी बंद झाल्यावर

१० नोव्हेंबर, सोमवार

एस.टी. मागायला आम्ही आपापल्या गाड्यांतून का गेलो? दिवसभर हाच विचार.

गावची मुक्कामी गाडी बंद केली — रात्री येऊन पारापाशी थांबायची आणि पहाटे धारूरला निघायची, ती. निवेदन मीच लिहिलं. दहा-बारा जण आगारात गेलो. साहेबांनी आधी खिडकीतून खाली पाहिलं. तीन कार, बाकी मोटारसायकली. म्हणाले, "अहो, तुम्हीच बसत नाही. मग आम्ही ती रिकामी पळवायची का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही माझ्या भावाच्या, अनिलदादाच्या गाडीतूनच उतरले होते!

बाहेर आल्यावर आमच्यातले हनुमानकाका म्हणाले, "चला, एसी लावा बे!" सगळे हसले. मीही हसले. आता लाज वाटतेय.

११ नोव्हेंबर

शाळेत सातवीला नेमका वाहतुकीचा धडा. सार्वजनिक वाहतुकीचे फायदे फळ्यावर लिहिले. मुलांनी उतरवून घेतले.

१३ नोव्हेंबर

गावातली बबिता दिसली. धारूरच्या कॉलेजात बारावी सायन्स, फेब्रुवारीत परीक्षा — आणि पोर शेळ्यांमागे!

संध्याकाळी तिच्या घरी गेले. म्हटलं, मी रोज दादाच्या गाडीतून धारूरला शाळेत जातेच, बबिताला माझ्याबरोबर येऊ द्या. तिचे वडील मुंजाजीमामा म्हणाले, "बाई, एस्टी सरकारची हाय. तिच्यात कुणाची बी पोर कुणाच्या बी शेजारी बसती, कुणी इचारत न्हाई. तुज्या भावाच्या गाडीत बसली, तर गाव इचारंल, कावून बसली?"

दादा तरणा. आम्ही बौद्ध, ते धनगर. हे ते बोलले नाहीत. मला ऐकू आलं.

बबिताची आई, दगडाबाईमामी, चहा देत म्हणाल्या, "तू एस्टीत हुतीस म्हून तर धाडत हुतो. दिवाळीत तुमची गाडी आली, तू एस्टी सोडलीस. मंग समद्याच पोरींला घरच्यांनी ठिवून घेतलं."

आणि पोरी बसेनात म्हणून एस.टी. बंद.

१४ नोव्हेंबर

दादाला म्हटलं, मी यापुढे गाडीत बसणार नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. "तुज्यासाठीच घेतली की गं! आई जलमभर उभ्यानं, दाराला लोंबकळत गेली. घरातली पहिली ग्रॅज्युएट तू. तू बी लोंबकळायचं?"

मी शाळेच्या वह्या पिशवीत भरायला लागले.

"आन गावात इतक्या गाड्या हायत, त्या न्हाई खुपल्या तुला? आपलीच खुपली?"

रडायला आलं, तर म्हणतो, "आता रडायलीस कावून?" त्याचं चुकत नाही. म्हणूनच रडत होते.

१५ नोव्हेंबर

घाटातून फाट्यापर्यंत चालत, पुढे दुसरी एस.टी. पकडून आगारात. एकटीच. साहेब चिडले नाहीत. "एका प्रवाशावर गाडी सुटत नसते, ताई." घाटात माणूस नाही की काही नाही. इथून रोज अंधारात पोरीला कोण पाठवेल?

१८ नोव्हेंबर

बबिताला बघायला पाहुणे येणार म्हणे.

१९ नोव्हेंबर

ती नळावर भेटली. "ताई, माझं प्रॅक्टिकल बुडलं," एवढंच म्हणाली. लग्नाचं अवाक्षर नाही.

२३ नोव्हेंबर, धारूर

आम्हा दोघींसाठी खोली घेतली. बबिता समोर बसून फिजिक्सची गणितं सोडवतेय. इथून कॉलेज चालत जाता येतं. मामी मधे पडल्या, पाहुण्यांना परीक्षेनंतर या म्हणून कळवलं. मामांची एकच अट — "दर ऐतवारी पोर दिसली पायजे."

निघताना दादाने गाडी दारात आणली होती. धुतलेली. डिकी उघडून उभा होता, सामान ठेवायला. मी गाठोडं डोक्यावर घेतलं, बबिताने पिशवी घेतली, आणि आम्ही फाट्याकडे चालायला लागलो. मागे डिकी लावल्याचा आवाज आला. हळूच लावली त्याने.