निळ्या पिसांचा बाण

रवि., २७ ऑक्टो.

बाण लागला. नको तिथे लागला.

हिवाळ्यासाठी घड्याळं रात्री तासभर मागे गेली म्हणून सगळ्यांच्या आधी जाग आली. सुजाता आणि मित्रा झोपल्या होत्या. गाडीच्या डिकीतून धनुष्य काढलं. मनाला सांगितलं, फक्त हरणांच्या जवळ जाऊन बघायचं. मनाला काय, काहीही सांगता येतं.

सुट्टीसाठी घेतलेल्या कॉटेजच्या मागेच जंगल. ओकची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत शेवाळलेली, वीस पावलांपलीकडे काही दिसत नाही. आधी माजावर आलेल्या नराची डरकाळी आली, मग शिंगं दिसली, मग मान. अमरावतीच्या शाळेपासून धनुष्य ओढतोय. घराजवळ, ब्रॅकनेलच्या तिरंदाजी क्लबात फोमची हरणं मारतोय. अमेरिकेतल्या पावसाळी जंगलात बाणाने एल्क हरणं मारणाऱ्यांचे व्हिडिओ बघून डोकं फिरलेलं. सोडला. मध्ये हेझलच्या झुडपाची एक बारीक फांदी होती, ती दिसलीच नाही. मागच्या मांडीत घुसला. दोन-तीन उड्यांत नर गायब.

या देशात बाणाने शिकार करणं गुन्हा. क्लबात पहिल्याच दिवशी सांगतात. म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

शेवाळावर रक्त होतं. मग पाऊस आला, तेही गेलं.

सोम., २८ ऑक्टो.

सकाळी मेणबत्ती लावून वंदना, घरी असते तशीच. पंचशील म्हणताना पहिल्या ओळीला, जीव न घेण्याच्या, आवाजच फुटेना. नुसते ओठ हलवले. मित्रा अकरा वर्षांची आहे, तिच्या कानातून काही सुटत नाही.

"बाबा, तू फर्स्ट लाइन स्किप केला."

सुजाता म्हणाली, "सर्दी झालीय त्याला."

मी खोकून दाखवलं. शाब्बास.

नंतर 'फिरायला' गेलो. दिवसभर. रोडोडेंड्रॉनच्या जाळीत गुडघ्यांवर रांगलो. पाय ठेवला की शेवाळाखाली दगड आहे की खड्डा, कळत नाही. ओढ्यात पडलो. वारा समुद्राकडून येतो, टेकडीला आपटतो आणि गोल फिरतो, म्हणजे कुठूनही गेलं तरी माझा वास माझ्या पुढे. आणि जाकीट स्वयंपाकघरात टांगलेलं असतं, त्याला हिंगाच्या फोडणीचा वास. ओलं झालं की आणखी सुटतो. असला शिकारी मैलावरून कळेल.

एका पानाच्या खालच्या बाजूला रक्ताचा डाग मिळाला. ते पान धरून बसून राहिलो. त्याच्यापुढे काही नाही.

मंगळ., २९ ऑक्टो.

हे जंगल ज्या इस्टेटीचं, तिथली हरणं बघणारा इयन आला, गॅसची टाकी द्यायला. बरोबर त्याची कुत्री. मित्रा तिच्या गळ्यातच पडली. इयन तिला सांगत होता, जखमी जनावर असलं की ही माग काढते, पावसातसुद्धा, फार वेळ लागत नाही. "कुणी जखमी केलं ते नंतर बघू. आधी त्याला वेदनेतून सोडवायचं."

मी शेजारी उभा. तोंड उघडलं आणि चहा घेणार का विचारलं.

मित्रा झोपल्यावर सुजाताला सगळं सांगितलं.

"मेला का?"

"मेला असता तर बरं झालं असतं."

"इयनला सांगणार आहेस?"

"सांगायला हवं."

"प्रशांत, इथे कायम राहायचा, सेटलमेंटचा अर्ज गेलाय आपला. क्रॉयडनला बोटांचे ठसे देऊन आलो मागच्या आठवड्यात. त्यात पोलीस केस? मित्राची शाळा, माझा जॉब, सगळं त्यावर आहे. एक शब्द बोलायचा नाही कुणाला."

तिचं चुकलं असं कुठल्या तोंडाने म्हणू? आणि बाणावर माझी आद्याक्षरं आहेत. क्लबचा नियमच आहे, प्रत्येक बाणावर नाव. बाण सापडला की मी सापडलो.

उद्या धनुष्य घेऊन जातो. मीच संपवतो. दुसरा मार्ग दिसत नाही.

बुध., ३० ऑक्टो.

दिसला.

नेच्यात बसला होता. मी इतका जवळ पोचेपर्यंत उठलासुद्धा नाही, यावरून काय ते कळलं. मग तीन पायांवर उभा राहिला. बाण तसाच. मांडी सुजलेली, माश्या.

धनुष्य ओढलं. त्याच्या छातीसमोर पुन्हा एक फांदी आडवी. डावीकडे सरकलो तर ओकचं खोड. पावसाने बोटांची जाणीवच गेलेली. तो माझ्याकडे बघत होता, पळतही नव्हता. क्लबात दुसऱ्यांना शिकवतो मी, खात्री नसेल तर सोडायचा नाही. आता आठवलं. रविवारी कुठे गेलं होतं हे शहाणपण?

खाली घेतलं. तो लंगडत उताराला गेला. मी तिथेच चिखलात बसलो आणि मोठ्याने रडलो. बरं, इथे ऐकायला कोण आहे.

रात्री सुजाताने गरम पाण्याची पिशवी दिली.

गुरु., ३१ ऑक्टो.

दुपारी मित्रा किनाऱ्यावर शिंपले गोळा करत होती. धावत आली.

"आई! बीचवर हरीण आहे. खूप मोठी आहे. त्याच्या लेगमध्ये काहीतरी स्टक झाला आहे."

मी गेलो तोवर तो परत झाडीत शिरला होता. मित्रा माझ्याकडे बघेना.

"ब्लू फेदर्स होते, बाबा. मी चिकटवलेले. एक वाकडा होता ना, तो पण होता."

निळी पिसं तिनेच निवडली होती, आपला रंग म्हणून. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, जीभ बाहेर काढून, एकेक चिकटवलं होतं.

मी काही बोलायच्या आत सुजाताने तिला जवळ घेतलं. "तुला तसं वाटलं, बेटा. फांदी अडकली असेल. आणि इयन अंकलला काही सांगायचं नाही हां. विचारलं तरी काही दिसलं नाही म्हणायचं."

"पण दिसला."

"मित्रा."

"ओके."

मी दारात उभा होतो. उद्या सकाळी निघायचं. बॅगा भरल्या.

शुक्र., १ नोव्हें.

सकाळी वंदना. पहिली ओळ आज मी म्हटली, कशीबशी. दुसरी, तिसरी तिघांनी. चौथीला मित्रा थांबली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. मी केलं होतं अगदी तसं. पाचवी परत मोठ्याने म्हटली.

सुजाताने पाहिलं. मेणबत्ती विझवायला वळली ती तशीच राहिली.

मी फोन घेऊन बाहेर गेलो, रेंजसाठी फाटकापर्यंत. सुजाता मागे आली. वाटलं, हिसकावून घेईल. शाल आणली होती. तीही मला दिली नाही, हातात धरून उभी राहिली.

इयनला सांगितलं. बाण, मांडी, रविवार, काल किनारा. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. म्हणाला, "रविवारपासून?" ते शिव्यांपेक्षा वाईट. मग म्हणाला, हे मला पोलिसांना कळवावं लागेल, तुमचं पूर्ण नाव सांगा. सांगितलं. स्पेलिंग विचारलं. एकेक अक्षर सांगितलं.

आला. कुत्री, बंदूक. माझ्याकडे न बघता विचारलं कुठून, आणि झाडीत शिरला.

गाडी भरलेली आहे. सुजाता पुढच्या सीटवर बसलीय, दार उघडं ठेवून. अर्जाचं काय होईल, कुणाला विचारायचं, माहीत नाही. पोलीस इथे येतील की ब्रॅकनेलला, तेही नाही माहीत.

मित्रा पायरीवर माझ्या शेजारी आहे. दोन्ही कानांवर हात घट्ट धरलेत तिने. मधून एक हात काढते आणि विचारते, "झाला?"

अजून बंदुकीचा आवाज आलेला नाही.