सैल कडेचे मोजे

तीर्थरूप आईस,
तुझ्या सुजलेल्या पायांवर, दुखणार नाही अशा बेताने, डोकं ठेवतो.

मी विणलेले मोजे ‘अगदी छान बसले’ असं तू लिहिलंस. कड रुतून वळ उठले आणि ती कात्रीने कापावी लागली, असं वहिनीने लिहिलं. तुझ्या असत्याला शास्त्राधार असेलच, पण विश्वास मी वहिनीवर ठेवला.

इकडे मी उत्तम. दुसरा जोड विणायला घेतलेला पाहून घरमालकीणबाई म्हणाल्या, “टाके किती आवळून घातलेत! पाय काय पळून जाणार आहे?”

घट्ट टाके घालायला तूच शिकवलंस, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी वेगळी रीत दाखवली. कडेचा टाका सुईवर घालताना दर वेळी लोकरीचा एक जादा वेढा द्यायचा, म्हणजे कड हवी तेवढी ताणते. संस्कृतात पहिला आलेला तुझा मुलगा पुन्हापुन्हा उसवून एवढं शिकला.

सूज गुडघ्यापर्यंत आली का? डॉक्टर काय म्हणतात, ते तू कधीच लिहीत नाहीस. मला रजा मिळेपर्यंत मोजे तरी पोचतील.

पायाचं माप पाठव. वहिनीला घेऊ दे, आणि संध्याकाळी. सकाळी सूज उतरलेली असते, हे मलाही ठाऊक आहे.

तुझा,
धाकटा