बंकरमधले अप्पा

पालम,
ता. १४ जून २०२५

चि. त्रिवेणीस,
अनेक आशीर्वाद. तिकडे लातूरला सगळे खुशाल असाल. पोरांच्या शाळा आता उघडतील. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलास, म्हणून पत्र. पोस्टातला माणूसही माझ्याकडे बघतच राहिला.

आधी पिक्चरचं सांगतो. मे महिन्यात टीव्हीवर दिवसभर युद्ध चालू होतं, तेव्हा मला मोबाइलवर पिक्चर काढायची हुक्की आली. गोष्ट अशी, की एक मंत्री झोपेत अणुबॉम्बचं बटण दाबतो. जग खलास. हा एकटा बंकरमध्ये वाचतो आणि खालून ओरडतो, "वरी कोण हाय का? नुकसानीचा पंचनामा करायचाय." मंत्री अर्थातच आपले अप्पा. त्यांची हौस तुला ठाऊक आहे.

योगीराजला शेतात बंकर खणायला सांगितलं. तो आपल्या लिंगायतांच्या समाध्या खणणारा. हाताला सवय त्याच मापाची, म्हणून मढं बसवायच्या कोनाड्यासकट खणून मोकळा झाला. अप्पा लय हसले. बॉम्बची राख म्हणून मी त्यांच्या तोंडाला गोवऱ्यांची राख फासली. ते मांडी घालून, डोळे मिटून कोनाड्यात बसले आणि मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

तू हार घेऊन एसटीने रडत आलीस, तेव्हा अप्पा त्याच खड्ड्यात बसून चहा पीत होते. तू त्यांना म्हणालीस, "आता खरंच मेलात तरी मी येणार न्हाई." ते हसले. तू गेल्यावर मात्र जेवले नाहीत.

आता जे लिहायला बसलोय ते. अप्पा मला म्हणाले होते, "खाली कायतरी लिही रे, पोरगी भिईल." मी मुद्दाम लिहिलं नाही. किती जण फसतात ते मला बघायचं होतं. तू त्यांना बोलत होतीस, तेव्हा मी मोबाइल धरून गप्प उभा होतो. त्यांनीही माझं नाव घेतलं नाही. नंतर ते रोज तुला फोन लावायचे. तू उचलायची नाहीस, आणि मी समोर बसून बघायचो.

बुधवारी सकाळी लिंगपूजेला बसले ते उठलेच नाहीत. शेजारच्या कमलकाकूंनी तुला फोन केला. "आता दुसरा भाग काढायलाव का?" म्हणालीस आणि ठेवलास. तुझा दोष नाही, बाई. पाच वाजेपर्यंत तुझी वाट पाहिली. नवा खड्डा खणावा लागला नाही. तोंडाला खरी विभूती लावली, तरी गर्दीत कुणीतरी हसलं. मला त्याच्यावर रागावताही आलं नाही.

पिक्चर पुसून टाकणार होतो, पण त्यांचा आवाज तेवढ्यातच उरलाय. रोज एकदा लावतो. खालून विचारतात, "वरी कोण हाय का?"

ये म्हणायला मला तोंड नाही. ही बातमी मात्र खरी आहे.

तुझा,
तो फोटो टाकणारा,
शिवकांत